सात पिशव्या आणि एक बाही

पत्र

ताई,

मी ४६ वर्षांची. मुलुंडला राहते, फोर्टला नोकरी करते. विणकाम आईकडून शिकले आणि ते कधी सुटलं नाही. सध्या घरात लोकरीच्या सात पिशव्या आहेत. एकीत चंदीगडला नोकरीला गेलेल्या मुलाचा स्वेटर. पाठ झालीय, पुढचा भाग अर्धा. दुसरीत नणंदेच्या मुलीच्या बाळासाठी दुपटं, अर्ध्याहून जास्त झालंय. बाळ डिसेंबरच्या मध्यावर येईल. तिसरीत सासूबाईंसाठी जाळीची शाल, कुलूहून आणलेल्या खऱ्या लोकरीची. नमुना अमेरिकन आहे. त्यात ८ नंबरची सुई सांगितलीय, माझीही ८ चीच आहे, तरी शाल चिंचोळी आणि जाडसर येतेय. चौथीत ऑफिसातल्या मैत्रिणींना दिवाळीसाठी कबूल केलेले क्रोशाचे १० गोल रुमाल, त्यातले ३ झालेत. पाचवीत शेजारच्या काकूंनी आणून दिलेली लोकर: "तू विणतेसच, आमच्या नातवाचं एक टोपडं आणि झबलं होऊन जाईल." सहावीत व्हिडिओ बघून सुरू केलेले पायमोजे, एक तयार. आणि सातवीत माझं मोरपिशी जाकीट, एका बाहीवाचून दोन वर्षं पडलेलं.

आई म्हणायची, हातातलं संपल्याशिवाय नवीन टाके घालायचे नाहीत. मी ते कधी पाळलं नाही. आता गेले तीन आठवडे कशालाच हात लावलेला नाही. पिशव्या दिसल्या की छातीत धस्स होतं. परवा नवरा म्हणाला, "यातलं एखादं तरी कोणाच्या अंगावर कधी दिसणार?" सगळं उसवून लोकर देऊन टाकू, की एकेक संपवायची शपथ घेऊ?

– सात पिशव्यांवाली, मुलुंड

उत्तर

सगळं उसवू नका, आणि शपथही घेऊ नका. एक मात्र उसवायचं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी तुमच्या आईचा नियम. त्यांच्या काळात घरात सुयांचे एक-दोन जोड असायचे. त्यांवर एकाची पाठ चढलेली असेपर्यंत दुसऱ्याचे टाके घालणार कशावर? लोकरही महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढून एका कपड्यापुरतीच यायची. त्या परिस्थितीत तो नियम चोख होता. तुमच्याकडे सुया भरपूर, लोकर भरपूर, आणि कमी पडतोय तो वेळ. त्यामुळे आईचं ऐकलं नाही म्हणून हे झालं, हा अपराधीपणा आधी खाली ठेवा. एका वेळी तीन-चार गोष्टी सुयांवर असणं यात काहीही गैर नाही. डोकं शिणलेलं असताना साधं सुलट विणायला हवं असतं आणि डोकं ताजं असताना जाळीचा नमुना. एकच काम हातात असलं तर दोन्हीपैकी एका वेळी ते नकोसं होतं.

तुम्ही पिशव्या मोजल्यात. मी तुमचं पत्र वाचताना वेगळं काही मोजत होते: यातल्या कितींबद्दल तुम्ही कोणाला शब्द दिलाय? ऑफिसातल्या मैत्रिणींना दिलाय, दिवाळीचा. बाळाच्या दुपट्याबद्दल नणंदेला माहीत असणार, आणि बाळ काही तुमच्यासाठी थांबणार नाही. मुलाला स्वेटर पाठवायचाय, तो थंडीआधी गेला तर उपयोग. झालं. तीन. सासूबाईंच्या शालीचं त्यांना माहीत असेल असं पत्रातून तरी वाटत नाही. काकूंना तुम्ही हो म्हटल्याचं कुठेच लिहिलेलं नाही, फक्त लोकर घरात आली. मोज्यांची कोणी वाट बघत नाहीये. आणि जाकीट तुमचं स्वतःचं, म्हणून ते दोन वर्षं पडून आहे. स्वतःला दिलेला शब्द आपण शब्दांत धरतच नाही, तो प्रत्येक वेळी कोणाच्या तरी बारशाच्या मागे जाऊन उभा राहतो.

तेव्हा छातीत धस्स होतं ते सात कामांचं नाही. तीन कामांची तारीख आहे आणि सातही पिशव्या एकाच आवाजात हाका मारतायत, म्हणून होतं. तारीख नसलेल्यांपैकी तिघींना आधी गप्प करू.

शाल. ही उसवायची. तुमची सुई आणि त्या अमेरिकन बाईंची सुई एकच नाही. आपल्याकडच्या सुयांवरचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात: नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीनची. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. म्हणजे तुम्हाला आपली ६ नंबरची सुई हवी होती. जाळीकामात एका मिलिमीटरचा फरक फार मोठा. भोकं मिटतात, कापड दाट होतं, आणि जी शाल अंगावर झुळझुळायची ती मफलरासारखी बसते. यापुढे परदेशी नमुना घेतलात तर नंबर वाचूच नका, मिलिमीटर वाचा.

खरी लोकर पाण्यात भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की जाळी बरीच उघडते, हे तुम्हाला माहीत असेल. पण मूळची चिंचोळी शाल त्याने तुमच्या मनाजोगती रुंद व्हायची नाही, आणि कुलूची लोकर अर्ध्यामुर्ध्या समाधानावर खर्च करायची नसते. उसवताना थेट गुंडा करू नका. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून अर्धा तास बुडवून ठेवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. वळ्या पडलेला धागा सरळ होतो. ऑक्टोबरच्या उन्हात मुंबईत हे एका दिवसात वाळतं. पावसाळ्यात करायला गेलात तर चार दिवस ओल्या कुत्र्याचा वास घरभर. मग लडी पिशवीत, पिशवी कपाटात, आणि शाल पुढच्या वर्षी. सासूबाईंचं काही बिघडत नाही, त्यांना कळणारही नाही.

काकूंची लोकर. याबद्दल मला थोडा राग आलाय, तुमच्यावर नाही. "लोकर मी आणून दिलीय की" असं म्हणणाऱ्यांना वाटतं खर्च तिथेच संपला. लोकर हा त्यातला सगळ्यात लहान भाग. टोपडं आणि झबलं म्हणजे तुमचे दोन रविवार. काकूंना दारात उभं राहून, हसून सांगा: "काकू, डिसेंबर संपेपर्यंत मला जमणार नाही. तुम्हाला घाई असेल तर लोकर घेऊन जा, एखादी करून देणारी मिळेल. थांबणार असाल तर जानेवारीत बघू." कारणं देऊ नका. मुलाचा स्वेटर, नणंदेचं दुपटं असं सांगत बसलात की काकू प्रत्येक कारणावर तोडगा काढतील. जानेवारीपर्यंत नातू वाढेल, झबल्याचं माप बदलेल, आणि बहुतेक वेळा पिशवी आपोआप परत जाते. नाहीच गेली तर फक्त टोपडं करा. झबलं नको.

मोजे आहेत तसे राहू द्यात. तो एकटा मोजा म्हणजे तुमचा खेळ आहे, त्याला कामात धरू नका. फक्त एक करा: पहिल्या मोज्यात सुईचा नंबर, टाक्यांची संख्या आणि टाचेला किती ओळी विणल्या हे लिहिलेली चिठ्ठी कोंबून ठेवा. दुसरा मोजा सहा महिन्यांनी विणायला घेतलेली बाई पहिला मोजा विणणारी नसते, तिला काहीच आठवत नाही.

चिठ्ठीचं हे सगळ्याच पिशव्यांना लागू आहे. सुई, ओळ, पुढे काय करायचं, लोकरीचा शेड नंबर आणि लॉट नंबर, म्हणजे कोणत्या खेपेत रंगवलीय तो. गुंड्यावरची कागदी पट्टी फेकायची नाही, चिठ्ठीलाच टाचायची. आणि जे काम बाजूला ठेवताय त्याचे टाके सुईवर ठेवू नका. वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यावर उतरवून घ्या, दोऱ्याची टोकं सैल बांधा. सुई मोकळी होते, टाके गळत नाहीत, आणि महिनोन्‌महिने सुईवर ताणून राहिलेल्या ओळीची जी आडवी रेघ कापडात कायमची उमटते ती उमटत नाही.

आता उरल्या चार: रुमाल, दुपटं, स्वेटर, जाकीट. हो, जाकीट मी या यादीत घेतलंय आणि ते शेवटी टाकलेलं नाही.

तुमच्याकडे वेळ किती आहे ते मी अंदाजाने मांडते, चुकलं तर तुमचे आकडे घाला. सकाळी मुलुंडहून बसायला मिळत नसणार, त्यामुळे तो प्रवास सोडून द्या. संध्याकाळी सीएसएमटीहून स्लो गाडी घेतलीत तर सुटायच्या ठिकाणी जागा मिळते आणि मुलुंडपर्यंत जवळजवळ तासभर बसून जाता येतं. फास्टने पंधरा मिनिटं वाचवण्यापेक्षा स्लोचा एक तास तुम्हाला जास्त मोलाचा आहे. आठवड्याला पाच तास. घरी चार संध्याकाळी अर्धा-अर्धा तास आणि रविवारचे तीन तास, म्हणजे तेही पाच. एकूण दहा.

हे दोन पाच-पाच तास मात्र सारखे नाहीत, आणि तुमचा गोंधळ बराचसा इथेच आहे. गाडीत दादरला गर्दी चढते, घाटकोपरला मेट्रोची माणसं चढतात, चौथ्या सीटवर कोणी बसलं की कोपर हलवायला जागा राहत नाही. तिथे लांब सरळ सुया शेजारणीच्या बरगडीत जातात. मुलाच्या स्वेटरचा पुढचा भाग तिथे काढलात की गळा कुठे सुरू करायचा ते मोजताना "जरा सरका हो" ऐकू येणार आणि मोजणी गेली. गाडीसाठी क्रोशा. क्रोशात कुठल्याही क्षणी फक्त एकच टाका उघडा असतो. तो जरा लांब ओढून ठेवला, सगळं पर्समध्ये टाकलं, उतरलं. घरी काढलं तर तसंच्या तसं.

म्हणून रुमाल गाडीत. एक रुमाल दीड तासाचा धरला तर सात रुमाल म्हणजे साडेदहा तास, दोन आठवडे आणि वर अर्धा तास. दिवाळीला महिना आहे. हे तुम्हाला घरी एक मिनिटही न देता होणार आहेत. साखळ्या आणि खांब मोजायचा कंटाळा आला तर उरलेल्या सातांच्या शेवटच्या फेरीची झालर गाळा. मैत्रिणी झालर मोजत नाहीत, आणि ज्या मोजतात त्यांना पुढच्या वर्षी मिठाईचा बॉक्स द्या.

रुमाल संपले की गाडीत जाकिटाची बाही. मुलाच्या स्वेटरआधी. तुम्ही म्हणाल, चंदीगडला थंडी पडेल आणि मी स्वतःचं विणत बसू? बसा. ती बाही नऊ-दहा तासांची आहे, आणखी दोन आठवडे. मुंबईत लोकरीचं जाकीट कशाला असं कोणी म्हणालं तर त्यांना फोर्टातल्या तुमच्या ऑफिसात दुपारी तीन वाजता एसीखाली बसवा. जानेवारीतल्या मोजक्या रात्री सोडल्या तर मुंबईकरांना थंडी वाजते ती ऑफिसात. हे जाकीट तुमच्या खुर्चीच्या पाठीवर वर्षभर राहील, घरातल्या इतर कुठल्याही विणलेल्या कपड्यापेक्षा जास्त वापरलं जाईल.

बाही गोल सुईवर, म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन आखूड टोकांच्या सुईवर घ्या, उलटसुलट फिरवतच विणायची, पण गोल सुई मांडीतच राहते आणि कोणाला टोचत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या बाहीशी जुळवताना सेंटिमीटर मोजू नका, ओळी मोजा. हात तेव्हापेक्षा सैल किंवा घट्ट झालेला असणार. आधी १० सेंटिमीटर विणून जुन्या बाहीवर ठेवून बघा, आणि घट्ट येत असेल तर एक नंबर जाड सुई घ्या. लोकर पुरणार नाही अशी शंका असेल तर आत्ताच बघा, शेवटच्या गुंड्याला नाही. तोच लॉट नंबर आता मिळणं कठीण. वेगळ्या लॉटची आणावी लागली तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं आलटून पालटून विणा. रंगाचा फरक डोळ्याला कळत नाही. किंवा नवी लोकर फक्त मनगटाच्या बॉर्डरला वापरा आणि दुसऱ्या बाहीची बॉर्डर उसवून तीही त्याच लोकरीने करा. लोकांना ती मुद्दाम केलेली वाटते.

घरचे पाच तास दुपटं आणि स्वेटर यांचे, या क्रमाने.

दुपट्याबद्दल तुमच्या मनात काय माप आहे माहीत नाही, पण ७५ सेंटिमीटर चौरस झालं की थांबा. अर्ध्याहून जास्त झालंय म्हणताय, म्हणजे कदाचित आजच तिथे पोचलं असेल, मोजून बघा. मोठं दुपटं बाळाला नको असतं, ते देणाऱ्याला हवं असतं. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकरीचा ढीग मांडीवर घेऊन पंख्याखाली बसायचं, घामाने सुई चिकटायची, यात कसली हौस? कडेला चार ओळी सुलट, टाके सैल बंद करा, झालं. सहा तासांचं काम. गोंडे आणि लांब झालर नको, तान्ह्याची बोटं त्यात अडकतात आणि ते सगळं तोंडात जातं. मोठ्या भोकांची जाळी असेल तर मागून मऊ सुती कापडाचं अस्तर घाला. झोपलेल्या तान्ह्या बाळावर सैल पांघरूण टाकू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा हे दुपटं मांडीवर घेताना आणि बाहेर नेताना गुंडाळायला, हेही भाचीला सांगा.

आणि एक गोष्ट ठासून. दुपटं डिसेंबरपर्यंत कपाटात ठेवताना त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. ही कमतरता आहे की नाही हे जन्मल्याजन्मल्या कोणाला माहीत नसतं. दुपटं अ‍ॅक्रिलिकचं असेल तर त्याला कसर लागतच नाही. कसरीच्या अळ्या खऱ्या लोकरीवर जगतात. खऱ्या लोकरीचं असेल तर धुऊन, खडखडीत वाळवून, झिपच्या पिशवीत बंद करा. घामाचा किंवा खाण्याचा डाग राहिलेला कपडाच कसर आधी शोधते. देण्याआधी पुन्हा एकदा धुवा.

आता स्वेटर. तुम्ही तीन आठवडे सुई धरलेली नाही आणि मनावर ताण आहे. ताणात हात घट्ट होतो. म्हणून पुढचा भाग विणायला घेण्याआधी पट्टी घ्या आणि झालेल्या पाठीवर १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. मग तेच पुढच्या अर्ध्या भागावर मोजा. पाठीला १२० टाके आहेत असं धरू. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके येत असतील तर पाठ साडेचोपन्न सेंटिमीटर रुंद होते. २४ येत असतील तर ५०. पुढचा भाग तसाच घट्ट आला तर सगळा स्वेटर छातीला नऊ सेंटिमीटरने लहान, म्हणजे तो तुमच्या मुलाऐवजी त्याच्या रूममेटला होणार. फक्त दोन टाक्यांचा फरक, तोही १० सेंटिमीटरमागे, म्हणून डोळ्याला दिसत नाही. मुलाला सांगा, त्याला नीट बसणारा एखादा स्वेटशर्ट पलंगावर पसरून छातीची रुंदी, खांद्यापासूनची लांबी आणि काखेपासून बाहीची लांबी मोजून फोटो पाठव. "तू किती बारीक झालायस" या विषयावर फोन गेला तरी माप घ्या.

वेळेचं सांगते. १२० टाके आणि १८० ओळी म्हणजे २१,६०० टाके. मिनिटाला २० टाके धरले तर पाठ १८ तासांची. तुमचा पुढचा अर्धा भाग नऊ तासांचा राहिला. दोन्ही बाह्या मिळून साधारण एका पाठीएवढ्या, १८ तास. गळा, शिवण आणि धागे आत घेणं चार तास. एकूण ३१. दोन्ही बाह्या एकाच गोल सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, शेजारी-शेजारी विणा. सुरुवातीला धागे गुंततात, पण टाके वाढवणं दोन्हीकडे एकाच ओळीला होतं, आणि दुसरी बाही राहून गेली हा प्रकारच उरत नाही. तुमच्या बाबतीत ही सवय फार आधी लागायला हवी होती.

हिशोब असा बसतो: घरी पहिला आठवडा दुपटं, नंतर स्वेटर, चार आठवड्यांनी गाडीही मोकळी होते, तेव्हा एकेक बाही सुटी विणायची झाली तर ती गाडीत नेता येते, जोडी मात्र घरीच. बाह्या गाडीत नेल्यात तर सहा ते सात आठवड्यांत, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता, स्वेटर कुरिअरला जाईल. यात दिवाळीचा फराळ, पाहुणे आणि एखादा आजारपणाचा आठवडा धरलेला नाही. तो आला तर डिसेंबरचा दुसरा आठवडा. चंदीगडची बोचरी थंडी तोपर्यंत थांबते, आणि नाही थांबली तर लुधियाना त्याच्यापासून दोन-तीन तासांवर आहे, देशभर स्वेटर तिथून जातात. मुलगा गारठणार नाही. तुमचा स्वेटर त्याला ऊब म्हणून नकोच आहे मुळात, त्यामुळे उशीर झाला तरी त्याची किंमत कमी होत नाही. शिवून झाल्यावर अ‍ॅक्रिलिक असेल तर वरून गरम इस्त्री फिरवू नका, कापड लुळं पडतं आणि बॉर्डरची लवचीकता कायमची जाते.

या सहा आठवड्यांत नवीन टाके घालावेसे वाटतील. दादरला उतरावंसं वाटेल, एखाद्या दुकानातला गुलबक्षी रंग हाताला चिकटेल. घाला टाके. मी मना करणार नाही, कारण मना केलं की तुम्ही ते लपून घालाल. मी फक्त एवढंच सांगेन की कोणासाठी आहे हे तोंडातून काढू नका. पाठ आणि पुढचा भाग सुईवरून उतरेपर्यंत तो कपडा कोणाचाच नाही. "तुझ्यासाठी काहीतरी करतेय हं" हे वाक्य बोलायला फार गोड, आणि ते बोलल्या क्षणापासून त्या पिशवीला तारीख चिकटते. भेट झाल्यावर द्या. झाली नाही तर कोणाचं काही देणं लागत नाही. वाढदिवसाला पुस्तक द्या, पातेलं द्या, पाकीट द्या.

तुमच्या यजमानांनी विचारलं ते टोचलं हे पत्रावरून कळतं. त्यांना भांडणाचं उत्तर देऊ नका, काम द्या. रविवारी तुमच्यासमोर हात पसरून बसायचं आणि शालीची लडी धरायची. पाऊण तास. खुर्चीपेक्षा माणूस बरा, तो आपणहून सैल सोडतो.

येत्या रविवारचे तीन तास विणू नका. पिशव्या उघडा, टाके उतरवा, चिठ्ठ्या लिहा, शाल उसवा, दुपटं मोजा. संध्याकाळी काकूंकडे जाऊन या. सोमवारी पर्समध्ये क्रोशाची सुई, एक गुंडा आणि छोटी कात्री, आणि स्लो गाडी.

जाकिटाला बटणं अजून घेतली नसतील तर भुलेश्वरला जाताना जाकीटच बरोबर न्या. मोरपिशी रंगाला दुकानातला दिवा फसवतो, बटणं दुकानाबाहेर येऊन उजेडात लावून बघा, आणि काजांपेक्षा एक जास्त घ्या. ते जास्तीचं आतल्या शिवणीला टाचून ठेवा. लोकरीच्या कपड्याला जड धातूची बटणं नकोत, पट्टी लोंबते. लाकडाची किंवा शिंपल्याची बघा.